घरी कोणती भाषा बोलता?

चिपळूणहून निघताना एक फाइल मी हँडबॅगेत, पासपोर्टांच्या खाली ठेवली होती. मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, कॅनडाच्या पीआरचे, म्हणजे कायम रहिवासाचे, कागद आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली लसीकरणाची दोन कार्डं. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या घरातले निम्मे कागद लगद्यासारखे झाले. ही कार्डं मुलांच्या दादीनं वरच्या फळीवर, कुराणशरीफच्या शेजारी ठेवली होती, म्हणून वाचली. कोरडी कार्डं तिनं स्वतः पिशवीत घालून, वर रबर लावून माझ्या हातात दिली.

ऑगस्ट 2022मध्ये आम्ही कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, मिसिसागाला उतरलो. नवरा त्याआधी नऊ वर्षं कुवेतला होता, त्यामुळे परदेश त्याला नवा नव्हता. मला आणि मुलांना मात्र मुंबईच्या पलीकडचं सगळंच नवं. लेक चौदा वर्षांची, धाकटा नऊचा. बेसमेंटमध्ये दोन खोल्या मिळाल्या आणि भाडेकरार हातात आल्यावर चौथ्या दिवशी मी शाळेत गेले, कारण पत्त्याचा पुरावा असल्याशिवाय नाव घालत नाहीत.

लसीकरण कार्डापाशी गाडी अडली. धाकट्याच्या कार्डावर आमच्या नर्सबाईंच्या अक्षरात निळ्या शाईनं 'गोवर 1', 'गोवर 2' असं लिहिलेलं, आणि 2018च्या मोहिमेत शाळेत दिलेल्या गोवर-रुबेलाची चिठ्ठी टाचणीनं लावलेली. ऑफिसातल्या बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग मी एका कोऱ्या कागदावर एकेका ओळीचं इंग्रजी करत बसले. ओंटारिओत शाळेतल्या मुलांना गालगुंडाची लस लागते आणि 2010 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. आपल्या सरकारी दवाखान्यात या दोन्ही देत नाहीत, खाजगी डॉक्टरकडे पैसे मोजून घेतल्या तरच. बीसीजीचा खांद्यावरचा व्रण मी मोठ्या अभिमानानं दाखवला, तर तो इथं कुणी मागतच नव्हतं. धाकट्याला दोन्ही लशी नव्यानं घ्याव्या लागल्या. इथं येणाऱ्या कुणालाही मी आता पहिली गोष्ट हीच सांगते की कपडे कमी आणा, पण कार्ड इंग्रजीत करून त्यावर डॉक्टरचा शिक्का घेऊन या.

त्याच टेबलावर दुसरा फॉर्म होता. घरी कोणती भाषा बोलता? बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं, मुलांची नावं पाहिली आणि मला न विचारता 'उर्दू' निवडून टाकलं. मला ते स्क्रीनवर दिसलं. मी म्हटलं, "मराठी." त्या हसून म्हणाल्या, "हो हो." आणि पुढच्या रकान्याकडे गेल्या. मी नवी, इंग्रजी अडखळतं, पाठीमागे रांग. गप्प बसले.

त्या गप्प बसण्याची किंमत पुढं वर्षभर मोजली. शाळेतून महत्त्वाची पत्रं यायची तीसुद्धा उर्दूत, नस्तालिक लिपीत. मी पहिली ते दहावी मराठी माध्यमात शिकले. मोहल्ल्यातल्या माझ्या वयाच्या निम्म्या मुली उर्दू शाळेत गेल्या, मला अब्बांनी मुद्दाम मराठीत घातलं. घरात आम्ही आमची कोकणी मराठी बोलतो. कुराण वाचायला शिकल्यामुळे अक्षरं ओळखता येतात, पण उर्दूच्या पत्राला जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नसतात. एक एक शब्द लावत बसायचं आणि शेवटी कळायचं की शुक्रवारी पिझ्झा आहे, साडेतीन डॉलर पाठवा. इंग्रजीत आलं असतं तर एका मिनिटात वाचलं असतं.

लेकीचं वेगळंच. हायस्कूलला घालण्याआधी नव्या मुलांची इंग्रजी आणि गणिताची चाचणी घेतात. ती सेमी-इंग्लिशची, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकलेली. गणिताचा पेपर तिनं दिलेल्या वेळेच्या निम्म्यात संपवला. मग तिला एक चित्र देऊन यावर लिही म्हणाले. ती अर्धा तास पेन चावत बसली आणि चार ओळी लिहिल्या. चारही व्याकरणात बरोबर, पण चारच. इंग्रजीच्या ए ते ई अशा पाच पायऱ्या असतात, तिला 'सी' मिळाली. इयत्ता मात्र वयानं ठरते. जन्म 2008चा, म्हणजे नववी. चिपळूणला ती नववीतच होती आणि सरांनी पुढच्या वर्षी बोर्ड म्हणून घाबरवून ठेवलं होतं. इथं बोर्डाची परीक्षाच नाही. चार वर्षांत 30 क्रेडिट्स गोळा करायची, एक साक्षरतेची परीक्षा द्यायची आणि 40 तास समाजसेवा करायची. नवऱ्याला ते 40 तास काही केल्या पटेनात. "शाळेत शिकायला पाठवलंय की सेवेला?" पुढं तिनं ते तास बरेचसे रमजानात अन्नाची पाकिटं भरून काढले, तेव्हा तोच ऐटीत सगळ्यांना सांगत होता.

पहिले दोन महिने ती जेवणाच्या सुट्टीत कुठं बसते हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं की "असंच" म्हणायची. नंतर कळलं, जिन्याखाली बसून डबा खायची आणि बाकीचा वेळ बाथरूममध्ये काढायची, म्हणजे एकटी बसलेली कुणाला दिसायला नको. चिपळूणच्या शाळेत ती कबड्डीच्या संघात होती. मधल्या सुट्टीत तिचा आवाज मैदानापलीकडे ऐकू येई.

शाळेतल्या सेटलमेंट वर्करनं तिला पाहिलं. नव्यानं आलेल्या कुटुंबांना मदत करायला ही माणसं शाळांमधून नेमलेली असतात, त्यांचा पगार केंद्र सरकारच्या पैशातून होतो. ही बाई सोमालियाहून लहानपणी आलेली. तिनं लेकीला उपदेश केला नाही. म्हणाली, शुक्रवारी नमाजाच्या खोलीत चटया घालायला कुणीतरी हवंय, येशील का? लेक गेली. चटया घालता घालता तिला एक सीरियाची, एक कराचीची आणि एक गयानाची अशा तीन मैत्रिणी मिळाल्या.

शाळेत जुम्मा, म्हणजे शुक्रवारचा सामुदायिक नमाज, होतो हे ऐकून मी चाट पडले होते. ओंटारिओच्या मानवी हक्क कायद्यानुसार शाळांना धर्मासाठी सोय करून द्यावी लागते, म्हणून खोली देतात, मुलं स्वतः नमाज पढवतात, एक शिक्षक मागे बसून असतात. पण हे सगळं सुखासुखी झालेलं नाही. आम्ही यायच्या आधी, 2016-17मध्ये, आमच्याच पील विभागाच्या शाळा-बोर्डात यावरून केवढं रण माजलं होतं. मुलांनी स्वतः लिहिलेला खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, चालेल की आधी मंजूर केलेल्यांपैकीच एक वाचायचा, इथपासून ते शाळेत नमाज हवाच कशाला, इथपर्यंत. बोर्डाच्या एका सभेत कुणीतरी कुराणाची पानं फाडली. शेजारची लाहोरची आपा हे मला सांगत होती तेव्हा मला वाटलं, हिला आपण कुठून आलो ते सांगायला नको, आपल्याला हे ओळखीचं आहे.

डिसेंबरात लेक म्हणाली, "अम्मी, मला हिजाब घालायचाय."

खरं सांगते, मला राग आला. चिपळूणला ती दोन वेण्या घालून शाळेत जायची, संध्याकाळी मकतबला, कुराण शिकायला, जाताना तेवढी ओढणी. मी स्वतः ओढणी घेते पण टाचण्या लावून नाही. मी म्हटलं, "तिकडं मुसलमान होतीस ती पुरेशी नव्हतीस का? इथं येऊन जास्त झालीस?"

ती म्हणाली, "तिकडं सगळ्यांना माहीत होतं मी कोणाची आहे. इथं मी घातलं की तीन मुली तरी सलाम करतात."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचलेलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही त्याचं कारण दुसरं होतं. 6 जून 2021ला लंडन नावाच्या ओंटारिओतल्याच गावात संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका पाकिस्तानी कुटुंबावर एकानं मुद्दाम गाडी घातली. आजी, आईबाप, मुलगी असे चौघं गेले. नऊ वर्षांचा मुलगा वाचला. आमचे कागद तेव्हा निघाले होते, आणि ती बातमी मी चिपळूणला मोबाइलवर वाचली होती. आम्ही उतरलो तेव्हा माझा मुलगा नऊचा होता. डिसेंबरात पाच वाजायच्या आत अंधार पडतो, लेक बसस्टॉपवर उभी, डोक्याला हिजाब. मी नवऱ्याला म्हटलं, तिला न्यायला-आणायला जा. तो रात्रपाळीला गोदामात, दिवसा झोपणार कधी? शेवटी मीच जायला लागले. ती मला बघून दहा पावलं पुढं चालायची.

धाकट्याची गोष्ट मार्शमेलोची. त्याच्या पहिल्या प्रगतिपुस्तकात गुण बरे होते आणि खाली लिहिलेलं, की गटकामात भाग घेण्यासाठी त्याला प्रोत्साहन दिलं जात आहे. मी खुश. दादीला फोन करून सांगितलं, पोराला प्रोत्साहन देतात. पालकसभेत बाईंनी हळूच विषय काढला तेव्हा कळलं, इथल्या शाळेत रागावत नाहीत, प्रोत्साहन देतात. म्हणजे पोरगा हात बांधून बसतो. एकदा विज्ञानाच्या तासाला कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या आणि मार्शमेलो देऊन मनोरा बांधायला सांगितलं, तर या पोरानं खुर्ची मागे ओढली ती ओढली. बाईंना वाटलं लाजतोय. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाला, "त्यात जिलेटिन असतं. डुकराचं. दीदीनं सांगितलंय." मी म्हटलं, अरे, बांधायचं होतं, खायचं कुठं होतं? "हाताला लागलं असतं ना. मग तोच हात मी डब्याला लावला असता." आणि हे इंग्रजीत सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते, म्हणून तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना चिठ्ठी लिहिली. चार वेळा खोडून. त्यांनी त्याच आठवड्यात मातीचे गोळे देऊन तोच मनोरा पुन्हा करून घेतला आणि याचा मनोरा सगळ्यांत उंच झाला, असं तो सांगतो. मला त्यातल्या उंचीची खात्री नाही.

डब्याचं म्हणाल तर तांदळाची भाकरी आणि अंडं त्यानं आठ दिवस नेलं, नवव्या दिवसापासून सँडविच मागायला लागला. मी भांडले नाही. सुकी मच्छी मात्र घरातच चालायची आणि तीही शनिवारी, दारं-खिडक्या उघडून, कारण वरच्या मजल्यावरचे घरमालक बिचारे शाकाहारी गुजराती.

2023चा रमजान मार्चच्या 23 तारखेला लागला. धाकट्यानं हट्ट धरला की रोजा ठेवणार. आमच्याकडे लहान पोरांना दुपारपर्यंतचा अर्धा रोजा ठेवू देतात, तसंच ठरलं. पहिल्याच आठवड्यात एके दिवशी अकरा वाजता शाळेचा फोन. बाईंचा आवाज गोड, पण प्रश्न एकामागून एक. सकाळी काही खाल्लंय का? पाणी पितो का? हे त्यानं ठरवलं की घरच्यांनी? माझे हात गार पडले. आमच्या बिल्डिंगा-बेसमेंटांमध्ये एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, की इथं मुलांना जपलं नाही तर सरकार घेऊन जातं. कुणाची नेली, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. मी धावत शाळेत गेले. ऑफिसात पोरगा बसलेला, हातात ग्रॅनोला बार, अर्धा खाल्लेला, चेहऱ्यावर अपराधी भाव. बाई म्हणाल्या, पळताना चक्कर आली, काळजी वाटली म्हणून फोन केला. एवढंच. त्यांनी उलट मलाच विचारलं, तुमच्याकडे कोणत्या वयापासून करतात ते सांगाल का, वर्गात आणखी तीन मुलं आहेत. मी तुटक्या इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रोजे ठेवणाऱ्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसायची मुभा मिळाली. धाकटा अर्थातच लायब्ररीत गेला, आणि अर्थातच रोजा नसताना.

ईद दोन झाल्या. काही मशिदींनी शुक्रवारी केली, काहींनी शनिवारी. चंद्राचं भांडण समुद्र ओलांडून आलंय म्हणायचं.

त्याच सुमाराला आणखी एक पत्र आलं, या वेळी मी हट्टानं मागून घेतलेलं इंग्रजीत. आरोग्याच्या तासाला चौथीत वयात येताना शरीरात होणारे बदल शिकवतात. किमान 20 शाळेचे दिवस आधी पालकांना कळवावं लागतं, आणि नको असेल तर मुलाला तेवढ्या तासापुरतं बाहेर ठेवता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मशिदीतल्या बायकांचा ग्रुप पेटला. काय काय फोटो फिरले, त्यातलं पत्रात एक अक्षर नव्हतं. नवरा म्हणाला, बाहेर ठेवायच्या कागदावर सही करून मोकळी हो. मी आधी जाऊन बाईंकडून ते धडे बघितले. बगलेतले केस, आवाज फुटणं, रोज अंघोळ करणं. आम्हाला दहावीला तो धडा आला तेव्हा सरांनी "हा घरी वाचा" म्हणून पान उलटलं होतं, आणि घरी तर पुस्तक उघडायचीच चोरी. मी सही केली नाही. नवरा दोन दिवस बोलला नाही. ज्या दोन मुलांना बाहेर बसवलं, त्यांना तासानंतर धाकट्यानंच मैदानावर सगळं सांगितलं, आणि त्यात आपल्या पदरचं बरंच घातलं, हे मला नंतर कळलं. ज्या आयांनी सह्या केल्या त्यांना मी दोष देत नाही, भीती मलाही होती.

बहीण फोनवर विचारायची, "तिथं आपली माणसं आहेत ना गं?" 2021च्या जनगणनेत कॅनडात जवळपास 18 लाख मुसलमान, शंभरात पाच म्हणा. पण आपली म्हणजे कोण? मशिदीत एक बाई मला म्हणाली, "मराठी? म्हणजे तुम्ही नव्यानं मुसलमान झालात?" मी म्हटलं, आमच्या गावातली मशीद तुमच्या देशापेक्षा जुनी आहे. आणि दिवाळीच्या एका मराठी कार्यक्रमाला गेले, तिथं चकली हातात देत एका काकूंनी कौतुक केलं, "किती छान मराठी बोलता हो तुम्ही!" मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा." त्या हसल्या, पण थोड्या उशिरा.

दुसऱ्या वर्षी मी शाळेच्या ऑफिसात जाऊन तो रकाना बदलून घेतला. 'उर्दू' खोडून 'मराठी'. दोन मिनिटांचं काम होतं.

2025चा रमजान मजेशीर होता. 1 मार्चला लागला आणि 9 मार्चला घड्याळं एक तास पुढं गेली. शनिवारी सव्वासहाच्या आसपास रोजा सुटला, रविवारी सव्वासातनंतर. धाकटा तोवर अकराचा, पूर्ण रोजे ठेवणारा. रविवारी संध्याकाळी टेबलावर खजूर घेऊन बसून सरकारला शिव्या देत होता, अस्खलित कॅनडियन इंग्रजीत. लेक अकरावीत होती, साक्षरतेची परीक्षा झालेली. जुम्म्याच्या चटया आता दुसऱ्या मुली घालतात, ही यादी करते. हिजाब अजून आहे. मी आणायला जात नाही, मोबाइलवर तिची जागा दिसते. त्यात बस कधी कधी तळ्यात उभी दिसते.

गेल्या सप्टेंबरात सेटलमेंट वर्करचा फोन आला. "तुमची भाषा मराठीच ना? एक आई आल्या आहेत. यादीत तुमचंच नाव निघालं. येता का?"

गेले. नाशिकहून आलेलं कुटुंब, मुलगा सहावीतला, कपाळाला बारीक टिकली लावलेली आई, मांडीवर फाइल. मला आत येताना पाहून तिनं ओढणीकडे पाहिलं आणि चाचरत हिंदीत सुरुवात केली, "जी, वो हमारा बच्चा..."

मी खुर्ची ओढून बसले. "मराठीत बोला ताई. कार्ड आणलंय का लसीकरणाचं?"

ती एक क्षण बघत राहिली. मग फाइलमधून पिवळं कार्ड काढलं, घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. वरची ओळ निळ्या शाईत होती. मी पेन मागून घेतलं आणि कोऱ्या कागदावर पहिला शब्द लिहायला लागले, तोवर तिचा प्रश्न आला, "अहो, इथं डब्यात काय देता तुम्ही?"